प्रसादाची वाटी

‘सर्व धर्म सारखेच’ हे वाक्य आपल्या घरांतून जितक्या सहजतेने उच्चारले जाते, तितक्या सहजतेने दुसरे एखादे तत्त्व क्वचितच उच्चारले जात असेल. दुपारच्या जेवणानंतर अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता कोणी ते म्हणावे आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलवाव्या, इतके ते आपल्या अंगवळणी पडले आहे. त्या वाक्याशी आमचे भांडण नाही. मात्र ते उच्चारताना आपल्या पदरचे काय खर्च होते, हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे मनाशी घोळवीत आलो आहोत. आपल्या तेहतीस कोटींत आणखी एकाची भर पडली, तर देव्हाऱ्यातील टाक जरासे सरकवावे लागतात, इतकेच. परंतु ज्याच्या धर्माची पहिली आज्ञाच अन्य दैवतास भजण्याची मनाई करते, त्याने हेच वाक्य उच्चारावयाचे तर त्यास काय किंमत द्यावी लागेल, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. ख्रिस्ती समाजात ह्या प्रश्नावरून फार जुना वाद चालू आहे. परधर्मीयांशी धर्मचर्चा कोठवर करावी, त्यांच्या उपासनेची रूपे आपण घ्यावी काय, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून एकच प्रार्थना म्हणावी काय, असे त्याचे पदर आहेत. हा वाद आम्ही दुरून पण जिव्हाळ्याने पाहिला. दुरून, कारण आम्ही त्या धर्माचे नव्हे. जिव्हाळ्याने, कारण एके वर्षी तो आमच्या ओटीवरच येऊन बसला.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. रत्नागिरीस आमच्या घरी श्रावणात सत्यनारायण होतो आणि त्या दिवशी शाळेतील शिक्षकमंडळींस जेवणाचे आमंत्रण असे. तेव्हा आमच्याबरोबर दोन ख्रिस्ती शिक्षक होते. एक गणिताचे, आमच्याहून दहा वर्षांनी वडील. दुसरे चित्रकलेचे, नुकतेच लागलेले. दोघे एकाच मंडळीचे. चर्चच्या समाजास ते लोक हाच शब्द योजतात. त्यांस आपण थोरले मास्तर व धाकटे मास्तर म्हणू. थोरले मास्तर दरवर्षी यावयाचे ते पाने मांडल्यावर. त्या वर्षी भटजींस दुसऱ्या घरी उशीर झाला, कथा लांबली, आणि मास्तर आले ते नेमके तीर्थप्रसादाच्या वेळी. आमच्या वहिनी वाटी घेऊन पुढे झाल्या. थोरल्या मास्तरांनी दोन्ही हात जोडले, मान लवविली आणि म्हणाले, “वहिनी, जेवायला सांगाल तेवढे जेवीन. एवढ्यापुरती मात्र क्षमा असावी.” त्यांच्या शेजारी बसलेल्या धाकट्या मास्तरांनी उजवा हात पुढे केला, प्रसाद घेतला, कपाळास लावला आणि खाल्ला.

त्या रात्री माजघरात ह्याच विषयाची चर्चा. आमचे वडीलबंधू दादा पुरते चिडले होते. “पुरणाचाही नैवेद्य दाखवलाच होता ना? मग पोळी कशी चालली?” असा त्यांचा बिनतोड सवाल होता. वहिनींनी, धाकटे मास्तर तरी घरातले वाटतात, एवढेच म्हणून विषय मिटविला. आम्ही मात्र एक गोष्ट पाहिली होती ती कोणास सांगितली नाही. निघताना ते दोघे एकामागून एक पायऱ्या उतरले आणि गडग्यापर्यंत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. पुढे कळले ते असे की, धाकट्यांबद्दल त्यांच्या मंडळीत कुजबूज झाली आणि वडीलधाऱ्यांनी थोरल्यांस विचारले. त्यांनी तक्रार केली नव्हती. पण विचारल्यावर खोटेही बोलले नाहीत. जवळजवळ वर्षभर शिक्षकांच्या खोलीत ते दोघे समोरासमोर बसत आणि मध्ये वर्तमानपत्र धरलेले असे.

दादांचा सवाल आम्ही एके दिवशी थोरल्या मास्तरांस विचारला. मॅट्रिकपलीकडे आमची इंग्रजी विद्या गेली नाही. जे काही थोडे मिळविले ते पाठशाळेत. तेव्हा शास्त्राधार विचारण्याची आम्हांस खोडच आहे. मास्तरांनी बायबल उघडून पौलाने करिंथ नगरातील मंडळीस लिहिलेले पहिले पत्र आमच्यापुढे ठेवले. करिंथात देवळांतून बळी दिलेले मांस बाजारात विकावयास येई, आणि ख्रिस्ती माणसाने ते खावे की न खावे असा तंटा पडला होता. पौलाचा निर्णय मोठा सूक्ष्म आहे. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा जाणत्याने खाल्ले म्हणून काही बिघडत नाही. परंतु त्यामुळे एखाद्या दुबळ्या बंधूच्या मनास ठेच लागत असेल तर त्याच्यासाठी सोडावे. परधर्मीयाने जेवावयास बोलाविले तर जे वाढले ते चौकशी न करता खावे; मात्र हे देवास वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर हात आवरावा. आणि ज्याने प्रभूच्या मेजावर भाग घेतला त्याने दुसऱ्या वेदीचा भागीदार होऊ नये. दादांच्या पुरणपोळीचे उत्तर ह्यात आले. पानातील पोळीविषयी कोणी काही सांगितले नव्हते. वाटीतील शिऱ्याचे नावच ‘प्रसाद’.

आम्हांस हे सारे आपल्या मीमांसकांच्या रीतीचे वाटले. सामान्य नियम, विशेष नियम, बाध, अपवाद. काही म्हणून उणे नाही. आणि गंमत अशी की, धाकटे मास्तरही त्याच पत्राचा आधार देत. त्यांचा भर आठव्या अध्यायावर, म्हणजे मूर्ती काहीच नव्हे ह्या वचनावर. थोरल्यांचा दहाव्यावर, म्हणजे दोन मेजांवर. “वहिनींनी प्रेमाने दिलेले मी कसे नाकारू? नाकारले तर त्यांना ख्रिस्ताचे प्रेम दिसेल की माझा ताठा?” असे धाकटे म्हणत. एका श्रुतीवर दोन भाष्ये आणि दोन्ही भाष्यकार प्रामाणिक, हा प्रकार ज्याने वेदान्ताची पाने उलटली आहेत त्यास नवा नाही.

थोरल्यांच्या नकारास दुसरेही एक मूळ होते. ते त्यांनी पुष्कळ वर्षांनी, आणि तेही आम्ही न विचारता सांगितले. त्यांच्या आजोबांना गावच्या देवळाच्या पायरीस शिवण्याची बंदी होती. पालखी वाड्याच्या बाहेरून जाई, आणि प्रसाद द्यावयाचा तर वरून टाकीत. रत्नागिरीस भागोजीशेठ कीरांच्या द्रव्यसाहाय्याने व सावरकरांच्या पुढाकाराने सर्व हिंदूंना मोकळे असे पतितपावन मंदिर झाले ते १९३१ साली. आजोबांचा बाप्तिस्मा त्याच्या कितीतरी आधीचा. “वरून टाकलेला प्रसाद झेलावा लागू नये म्हणून आजोबा निघाले,” मास्तर म्हणाले, “आता तो हातावर ठेवला म्हणून नातवाने घ्यावा, हे मला जमत नाही. वहिनींचा ह्यात दोष नाही.” ह्यावर आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

येथपासून हा वाद आम्हांस पुस्तकांतून शोधावासा वाटला, आणि पाहतो तो त्याचा पहिला अंक आपल्याच भाषेत लिहिलेला! फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. त्याच्या आधीच साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि नवख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती. श्रवणास काहीतरी द्या, असे त्या लोकांचे मागणे होते. स्टीफन्साने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले आणि साष्टीच्या चर्चांतून वाचले जाऊ लागले. ओवी आपली, पुराणाचा थाट आपला, शब्दकळा बहुतेक आपली. दैवत मात्र सर्वस्वी त्यांचे. रूप घ्यावे आणि उपासनेत तडजोड करू नये, असा हा मार्ग. पण तोही सर्वांस रुचला असे नाही. दक्षिणेत मदुरेस रोबेर्तो दे नोबिली नावाच्या इटालियन जेझुइटाने १६०६ पासून संन्याशाची वस्त्रे, शाकाहार आणि संस्कृताचा अभ्यास पत्करला आणि नवख्रिस्ती ब्राह्मणांस शेंडी-जानवे ठेवू दिले, तेव्हा पहिली तक्रार त्याच्याच सोबत्याने केली. १६२३ साली पोपने नोबिलीच्या बाजूने कौल दिला. पुढे १७४४ साली दुसऱ्या पोपने अशा पुष्कळ सवलती काढून घेतल्या आणि मिशनऱ्यांस तशी शपथ घ्यावयास लावली. ती शपथ उठली १९४० साली. जानव्याचा दोरा केवळ सामाजिक चिन्ह की उपासनेचा भाग, ह्याचा निकाल लावण्यास तीनशे वर्षे अपुरी पडली. आपल्या घरी मुंजीनंतर आठ दिवसांत जानवे खुंटीस टांगणाऱ्या चिरंजीवांस ही हकिकत अवश्य सांगावी.

सामान्य माणसे मात्र ह्या निकालांची वाट पाहत बसत नाहीत. गोव्यात म्हापशाची मिलाग्र सायबीण आणि शिरगावची लईराई ह्या बहिणी बहिणी, अशी लोकांची समजूत आहे, आणि सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. धर्मपंडितांचे ह्यावर काय म्हणणे आहे, हे त्या तेलवाल्या बाईस कोणी विचारले नसेल, आणि विचारून उपयोगही नाही.

एकोणिसाव्या शतकात हा वाद आमच्या कोकणस्थांच्या घरांत शिरला. नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती धर्माचे खंडन करावयास निघाले आणि १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. त्यांनी आपली सारी शास्त्रविद्या षड्दर्शनांच्या खंडनात खर्चिली. न्यायाची शस्त्रे जशीच्या तशी, फक्त तोंड उलट दिशेस. संवाद त्यांस मान्य होता. पण तो वाद ह्या जुन्या अर्थाने, ज्यात एक पक्ष शेवटी पडावा लागतो. गोऱ्हे १८९५ साली वारले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मुंबईस आमच्या जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची वाट निराळी. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि तो पूल मागे जाळून टाकण्यास ते कधीही तयार नव्हते. अभंग, पदे, टाळमृदंग, कीर्तन ही सारी त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी नेली. आज मराठी ख्रिस्ती मंडळी ‘उपासना संगीत’ उघडून गातात, त्यांतील किती तरी पदे टिळकांची. परंतु ह्या मार्गाने गेलेल्या माणसास दोन्हीकडचे टोले खावे लागतात. नातलगांनी त्यांस टाकले. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा धर्म बदलल्यावरही आपले सोवळे किती निकराने सांभाळले आणि मग ते एकेक पाऊल कसे सुटत गेले, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या आमच्या भगिनींस सांगावयास नको. आणि नव्या घरी? १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही जागा होती. येथे पुष्कळ ख्रिस्ती मंडळींच्या भुवया चढल्या. बाप्तिस्म्याची वेस नसेल तर मंडळी आणि बाजार ह्यांत अंतर काय, असा त्यांचा आक्षेप. आणि तो पोकळ होता असे आम्ही म्हणणार नाही. टिळक १९१९ च्या मे महिन्यात वारले, त्यामुळे दरबार पुढे कोठवर गेला असता हे पाहावयास मिळाले नाही. त्यांचे चरित्र लिहिणारे विन्स्लो हे इंग्रज पाद्री. त्यांनी १९२२ साली अहमदनगरास ख्रिस्त सेवा संघ काढला; पुढे तो पुण्यास गेला, आणि शिवाजीनगरचा आश्रम त्याच बीजाचा. त्या आश्रमात १९७२ पासूनच्या नव्या पर्वात सारा ग्रँट ह्या ख्रिस्ती संन्यासिनीने शंकराचार्यांची भाष्ये इतक्या निष्ठेने अभ्यासिली की, आपण अद्वैती ख्रिस्ती आहोत असे त्या उघड सांगत.

शाळामास्तर ह्या नात्याने आमच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटविला तो मात्र एका बंगाली शाळेच्या हकिकतीने. ब्रह्मबांधव उपाध्याय हे भगवी वस्त्रे नेसणारे कॅथलिक. सच्चिदानंदावर संस्कृत स्तोत्र रचून त्यात त्यांनी ख्रिस्ती त्रैक्याचे स्तवन केले. त्यांचा सिंधी शिष्य रेवाचंद, दीक्षेचे नाव अनिमानंद, त्यांच्याबरोबर कलकत्त्यास शाळा चालवी. विसाव्या शतकाच्या आरंभी उपाध्यायांनी त्या शाळेत सरस्वतीपूजन करावयाचे ठरविले. सरस्वती म्हणजे विद्येचे प्रतीक, त्यात उपासना ती कसली, हा त्यांचा पक्ष. शिष्यास तो पटला नाही आणि शिष्य शाळा सोडून निघून गेला. वाचकहो, आम्ही छत्तीस वर्षे दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढून घेतली. वर्गात एखादा ख्रिस्ती वा मुसलमान मुलगा पाटी घेऊन नुसता बसे. त्यास आम्ही कधी विचारले नाही आणि कधी रागेही भरलो नाही. पण अनिमानंदांची हकिकत वाचल्यावर त्या कोऱ्या पाट्या आठवल्या. पुढे ह्याच अनिमानंदांनी आपल्या गुरूचे चरित्र लिहिले, आणि ते प्रेमाने लिहिले. शाळा सोडली, गुरू सोडला नाही.

ह्यानंतरचा इतिहास मोठा आहे. तो आम्ही झरझर सांगतो. १९३८ साली मद्रासजवळ तांबरम् येथे जगभरच्या प्रॉटेस्टंट मिशनांची परिषद भरली, तेव्हा क्रेमर नावाच्या डच पंडिताने, ख्रिस्ताचे दर्शन आणि इतर धर्म ह्यांत पायऱ्यांचे नाते नसून खंड आहे, असे प्रतिपादिले. चेंचय्या, चक्कराई प्रभृती भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी त्याच वर्षी त्याच्या विरुद्ध ग्रंथ काढला. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ऑक्टोबरात जाहीर केले की, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही चर्च नाकारीत नाही. त्यात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख आहे. १९६९ साली रोमने भारतातील उपासनेत मांडी घालून बसणे, आरती, समई अशा बारा गोष्टींस संमती दिली. त्यावर भारतीय ख्रिस्ती लोकांतूनच विरोध झाला, आणि तो दोन अगदी भिन्न दिशांनी. एक पक्ष म्हणे, ही मूर्तिपूजा मागील दाराने आली. दुसऱ्या पक्षाचा आवाज एका मराठी माणसाचा होता. अरविंद निर्मळ ह्यांनी १९८१ साली बंगळूरच्या व्याख्यानात विचारले की, तुम्ही ज्यास भारतीय रूप म्हणता ते ब्राह्मणी रूप. ह्या देशातील बहुसंख्य ख्रिस्ती ज्या वाड्यांतून आले त्यांच्या दुःखाचे ह्यात काय? हे वाचताना थोरल्या मास्तरांचे आजोबा आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. संस्कृत स्तोत्र ऐकून आमच्यासारख्याचे कान सुखावतात. परंतु ज्यांच्या पूर्वजांस ते स्तोत्र ऐकण्याची बंदी होती, त्यांस त्याचा गोडवा वाटलाच पाहिजे असा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरावा?

लोणावळ्यास साधना संस्था चालविणारे फादर अँथनी डिमेलो १९८७ साली वारले. त्यांच्या बोधकथा आमच्या ओळखीच्या किती तरी हिंदू घरांतून वाचल्या जातात. त्यांच्यामागून अकरा वर्षांनी, १९९८ साली, रोमने त्यांच्या काही मतांविरुद्ध इशारा काढला. तो काढणारे कार्डिनल राट्झिंगर पुढे स्वतः पोप झाले. दोन हजार साली त्यांच्याच हाताखालून निघालेल्या पत्रकाने, ख्रिस्त हाच एकमेव तारक, हे पुन्हा निक्षून सांगितले. आपल्याकडे पुष्कळांस हे अनुदार वाटले. आम्हांस त्यात नवल वाटले नाही. जो धर्म हे म्हणणार नाही त्याने आपले नाव तरी का राखावे?

आता असिसीची गोष्ट. १९८६ च्या ऑक्टोबरच्या २७ तारखेस पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी इटलीतील त्या गावी जगातील धर्मांचे प्रतिनिधी शांततेच्या प्रार्थनेसाठी बोलाविले. ह्यावर केवढे वादळ! फ्रान्सचे आर्चबिशप लफेव्र ह्यांनी तर ह्यास धर्मद्रोह ठरविले. दोन वर्षांत ते रोमपासून फुटलेच. पोपचे उत्तर असे की, आम्ही एकत्र प्रार्थना केली नाही. प्रार्थनेसाठी एकत्र आलो. पुष्कळांनी हे शब्दच्छल म्हणून हसण्यावारी नेले. आम्ही व्याकरण शिकविले आहे. आम्हांस हसू आले नाही. ‘प्रार्थनेसाठी एकत्र येणे’ ह्यात येण्याची क्रिया तेवढी एक. प्रार्थना हे प्रयोजन, तादर्थ्य चतुर्थीने दूर ठेविलेले, आणि ते ज्याचे त्याचे. ‘एकत्र येऊन प्रार्थना करणे’ म्हटले की कर्ता एक, क्रिया एक, आणि ज्यास उद्देशून प्रार्थना तो देवही एकच धरावा लागतो. तो एक आहे असे धरणे हाच तर वादाचा विषय! चतुर्थी आणि त्वान्त ह्यांच्यामधील ह्या बोटभर जागेत पोप उभे राहिले. ती जागा अरुंद आहे. पुढे २००२ साली असिसीस पुन्हा मंडळी जमली, तेव्हा निरनिराळ्या धर्मांना प्रार्थनेस निरनिराळ्या खोल्या दिल्या होत्या.

आपणही एके काळी अशाच अरुंद जागी उभे होतो, हे विसरू नये. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यास पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा फिरला. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मातबर मंडळी हजर. काहींनी चहा घेतला, काहींनी घेतला नाही. खोडकर गोपाळराव जोश्यांनी नावे छापून आणली, ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांनी चौकशी नेमली, आणि रानड्यांसारख्यासही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. ह्या प्रकरणी आज आपण हसतो. पण थोरल्या मास्तरांनी शिरा नाकारल्यावर आमच्या माजघरात जो संताप झाला, त्याचा विचार करताना हा चहा आठवावा. चहात देव नव्हता, केवळ जात होती; शिऱ्यात देव आहे. तेव्हा मास्तरांच्या नकारास अधिक वजन द्यावयास हवे, कमी नव्हे. ज्याने प्रसाद नाकारला त्याने तो प्रसाद आहे हे मानले. पोटात गेला की झाले, असे मानले नाही. आणि धाकट्यांनी घेतला तो माणसाकडे पाहून. दोघांनीही आमच्या घरास हलके लेखले नव्हते. ह्यांतील कोण बरोबर, हा निवाडा त्यांच्या मंडळीने करावा. तो आमच्या ओटीवर व्हावयाचा नाही.

निवाडा झाला नाही, पण सोय झाली, आणि ती वहिनींनी केली. सत्यनारायणाचा प्रसाद सव्वाच्या मापाने होतो आणि त्यात केळे पडते. पुढल्या श्रावणात वहिनींनी दुसरे पातेले चढविले. माप साधे, केळे नाही, नैवेद्यात त्याची गणना नाही. प्रसाद वाटून झाल्यावर थोरल्या मास्तरांच्या पानात त्या पातेल्यातील शिरा आला. “हा नुसता शिरा आहे हो,” एवढेच वहिनी म्हणाल्या. मास्तरांनी दोनदा मागून घेतला. करिंथकरांस लिहिलेले पत्र वहिनींनी वाचलेले नव्हते. दादांनी कपाळास आठी घातली. परंतु दुसऱ्या पातेल्यास शास्त्रात कोठे बाधा आहे असे आम्हांस विचारल्यावर आम्ही नाही म्हणालो, आणि ते गप्प बसले. त्याच पंक्तीत दोन्ही मास्तरांचे बोलणे पुन्हा सुरू झाले, ते सहामाहीच्या पेपरांवरून.

थोरले मास्तर वारून आता बरीच वर्षे झाली. दफनाच्या वेळी आम्ही जवळच उभे होतो. मंडळीने प्रभूची प्रार्थना म्हणावयास आरंभ केला. ती आम्हांस मराठीत तोंडपाठ आहे. मास्तरांनीच एकदा अर्थासह सांगितली होती. तिच्यातील एकाही शब्दास आमची हरकत नाही. तरी आम्ही हात जोडून, ओठ मिटून उभे राहिलो. वर्गात पाठ म्हणणे निराळे आणि प्रार्थना म्हणणे निराळे. ज्याने ती शिकविली त्याच्या हाती ह्या लोकांनी आपले सर्वस्व दिले होते. आम्ही दिले नव्हते. मास्तरांनी वाटीपुढे हात का जोडले होते, ते त्या क्षणी आम्हांस पुस्तकांवाचून कळले.

पुढे शाळेत शोकसभा ठरली. कोणी तरी सर्वधर्मप्रार्थना सुचविली. धाकटे मास्तर, ते आता सेवानिवृत्तीस टेकलेले, त्यास अनुकूल होते. मास्तरांच्या कन्येने मात्र हलक्या आवाजात सांगितले की, बाबा त्या प्रार्थनेत उभे राहिले नसते. दोन्ही पक्ष आमच्याकडे आले. आम्ही सुचविले ते एवढेच की, प्रथम सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे. मग ज्यास जे म्हणावयाचे असेल ते त्याने आपले म्हणून म्हणावे, इतरांनी ऐकावे. तसेच झाले. धाकट्या मास्तरांनी टिळकांचे एक पद गायिले. वयाने आवाज कापत होता, पण सूर सुटला नाही. आम्ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील काही श्लोक म्हटले. कन्या मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होती.

सभा संपल्यावर वहिनींनी तिला जवळ बोलावून श्रावणात मुलांना घेऊन येण्यास बजाविले. आता वहिनींच्या हातून पातेले उचलत नाही, सूनबाई करतात. “दुसरे पातेले अजून चढते,” वहिनी म्हणाल्या, “फक्त तुझ्या मुलांना साखर किती लागते तेवढे कळव.”